घड्याळजींचं टेबल माझ्या पोटात होतं

मी राडारोड्याचा कंटेनर बोलतोय. पोटात फुटक्या फरशा घेऊन रस्त्याकडेला उभा असतो ना, तोच. लोक मला चार दिवसांसाठी भाड्यानं आणतात आणि नाक मुरडत परत पाठवतात. मी मनाला लावून घेत नाही.

जाड पत्रा कापून, सांधे जोडून मला उभं केलं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून शेकडो घरं पाहिली. माणसं टाकताना फार शूर असतात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप माझ्यात वाकून शोधत बसतात. पण एका घराचं मला फार कौतुक आहे.

तिथे माझ्याशेजारी माझा चुलतभाऊही आला होता. कुलूपबंद, ऐटबाज, सामान ठेवायचा कंटेनर. जपायचं ते त्याच्यात, टाकायचं ते माझ्यात. घरातली लेक तळमजल्यावरची अडगळीची खोली वडिलांसाठी नव्यानं बांधून घेत होती. वडील घड्याळजी. नजर अधू झाली, म्हणून दुकान बंद करून तिच्याकडे आलेले. पण मन काही रमत नव्हतं. "पाहुणा चार दिवसच बरा," म्हणायचे. ते इथलेच व्हावेत, एवढीच तिची धडपड.

त्यांच्याबरोबर त्यांचं कामाचं टेबल आलं होतं. बुटकं, बावीस खणांचं. जावयानं विचारलं, "बाबा, हे कुठे ठेवू?"

"टाकून द्या. आता त्याचा काय उपयोग, आणि माझा तरी!"

जावई भला माणूस. सासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून त्यानं टेबल उचललं आणि माझ्यात घातलं. वरून मजुरांनी दिवसभर विटामाती ओतली.

संध्याकाळी लेक कामावरून आली, तेव्हा ट्रकवाला मला साखळ्या लावत होता.

"अहो, बाबांचं टेबल कुठंय?"

"बाबाच म्हणाले, टाकून द्या."

"बाबा म्हणाले! ते जेवायलाही नको म्हणतात. मग काय उपाशी ठेवायचं त्यांना?"

भरलेल्या कंटेनरमध्ये कुणाला चढू द्यायचं नाही, असा नियम आहे. आत खिळे असतात, काचा असतात. ट्रकवाल्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि साखळ्या सोडल्या. "ताई, वर चढू नका. मी मागचं दार उघडतो, खालून उपसू."

तिघं घमेली घेऊन भिडले. जावयाच्या शर्टाची पार वाट लागली, पण तो थांबला नाही. मला भरणारे हजारो पाहिले, कुणासाठी मला उपसणारे पहिल्यांदाच. माझं पोट रिकामं होत होतं आणि ऊर भरून येत होता.

टेबल निघालं. एक पाय मोडलेला. जावयानं खिळा-हातोडा आणला, तोच दारात उभे असलेले घड्याळजी काठी टेकत आले. मोडक्या पायावरून त्यांनी हात फिरवला.

"खिळा नको, लाकूड फाटेल. मी बसवतो. माझ्या खोलीत ठेवा, खिडकीपाशी."

'माझ्या खोलीत' ऐकलं आणि लेक तिथेच मातीत बसून रडली.

आता माझा तळ गंजलाय. परवा मालकानं ट्रकवाल्याला विचारलं, "हा मोडीत काढू या का?" मला तोंड असतं, तर मीही ऐटीत म्हणालो असतो, "काढा की, माझा आता काय उपयोग!" पण तुम्ही ते खरं धरू नका हं.