दुपारी तीन ते पाच

माघातली उन्हं कलू लागली आणि गुऱ्हाळाकडून उकळत्या काकवीचा किंचित धुरकट गंध आला, की मला इंदूताईंचा आवाज आठवतो. चेहरा त्यामागून येतो, तोही जरा अस्पष्ट. आवाज मात्र स्वच्छ असतो. मध्यम पट्टीतला, कुठेही न घाई करणारा, प्रत्येक शब्द जपून खाली ठेवणारा.

आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात काम केलं. कराडच्या एक्स्चेंजमध्ये कानांवर हेडफोन चढवून त्या दूरदूरच्या माणसांना एकमेकांशी जोडून देत असत. पलटणीतून बोलणारा नवरा आणि गावातल्या पोस्टात पदर सावरून उभी असलेली बायको, यांच्या मधोमध इंदूताईंचा 'बोला' हा एक शब्द असे. दोघं बोलू लागली की त्या बाजूला होत. लग्न झालं नाही, आईवडील गेले, सांगलीचा भाऊही गेला. निवृत्तीनंतर मलकापुरात कालव्यालगतच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात फोन होता, पण तो क्वचितच वाजे.

बायकांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या त्या सभासद झाल्या तेव्हा मीही शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. देवळामागच्या सभागृहात दुपारी तीन ते पाच प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग मी घेत असे. शेतावरून, भांडी-धुण्याच्या कामांवरून दहा-अकरा बायका येत. इंदूताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला शिकवता येत नाही, सुमनताई. पण मी श्रुतलेखन घालू शकेन."

आणि त्यांनी ते सहा वर्षं घातलं. एक वाक्य म्हणत आणि थांबत. ते थांबणं मी कधी विसरणार नाही. वाकलेल्या माना, पाटीवर अडखळणारी बोटं, खिडकीतून आलेल्या तिरप्या प्रकाशात तरंगणारी धूळ, आणि त्या साऱ्यावर पसरलेली त्यांची निःशब्द प्रतीक्षा. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत त्या पुढचा शब्द उच्चारत नसत. माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातून इकडे ऊसपट्ट्यात मजुरीला आलेली हिराबाई सर्वांत मागे राही. एकदा ती ओशाळून म्हणाली, "आवं ताई, तुमी जावा की फुडं. माजं लय हळू चालतंय." इंदूताई म्हणाल्या, "मला कुठे जायचंय?"

वर्ग सुटला की त्या दाराशी रेंगाळत, निघणाऱ्या प्रत्येकीला विचारत. "येता का घरी? चहा घेऊ." मी म्हणायची, "येईन हो, नक्की येईन." मलाही घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. तरीही मी गेले नाही. एकटेपणाचाही एक अभिमान असतो. दुसऱ्याच्या एकटेपणात आपलं प्रतिबिंब दिसेल या भयानं तो पावलं मागे ओढतो. आज ते कळतं.

मागच्या हिवाळ्यात सभागृह पाडून नवं बांधायचं ठरलं आणि आम्हांला दोन महिन्यांत जागा सोडायला सांगितलं गेलं. मी सगळीकडे हिंडले. कुणाची शाळा भरलेली, कुणाला दुपारची झोप मोडायला नको होती. वर्ग मोडणार हे मी ज्या दिवशी बायकांना सांगितलं, त्या दिवशीही इंदूताईंनी नेहमीसारखं श्रुतलेखन घातलं. महिनाभरात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत त्या गेल्या.

तेराव्यानंतर कराडच्या वकिलांनी मला बोलावलं. इंदूताईंनी राहतं घर संस्थेच्या नावे ठेवलं होतं, बायकांच्या वर्गासाठी. सांगलीच्या भाचीनं आनंदानं संमती दिली होती. वकिलांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "वर्ग दुपारी तीन ते पाच याच वेळात भरावा. या वेळी घर फार शांत असतं."

"मी म्हटलं होतं, शेवटचं वाक्य काढू या," ते म्हणाले. "मृत्युपत्रात कारण द्यायची गरज नसते. त्या म्हणाल्या, राहू द्या."

कुलूप काढून मी त्या घरात पहिल्यांदा शिरले. एक पलंग, खिडकीशी एक खुर्ची. फडताळात बारा कपांचा संच होता. नवा, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. मी बराच वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत उभी राहिले.

वर्गाच्या पहिल्या दिवशी बायका आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थबकल्या. हिराबाई खाली बघत म्हणाली, "बाई, आत कसं यायचं? त्यांनी कितींदा बोलवलं, तवा आमी कुनी आलो न्हाई."

"मीही आले नाही, हिराबाई," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून ती आत आली, थेट स्वयंपाकघरात गेली, कप धुऊन तिनं चहा टाकला. बाकीच्या भिंतीला टेकून बसल्या. चहा झाला, पाट्या मांडीवर आल्या आणि सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. श्रुतलेखन मला घालायचं होतं. मी वही उघडली, वर पाहिलं आणि ती पुन्हा मिटली. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ऊन येऊन बसलं होतं.

"ऱ्हाऊ द्या बाई," हिराबाई हलकेच म्हणाली. "मी सांगते. लिवा गं. आमी इंदूताईंच्या घरात बसलोय."

दहा पाट्यांवर खडू सरकू लागले. 'आमी' तसंच उमटलं. मी ते दुरुस्त केलं नाही; मीही माझ्या वहीत तेच लिहिलं.

पाच वाजून गेले, कालव्याच्या पाण्यावरचा उजेड तांबूस झाला, तरी कुणी उठलं नाही. जिथं एक माणूस वर्षानुवर्षं पावलांची चाहूल घेत बसलं होतं, तिथं पावलं पोचली तेव्हा ऐकणारं कुणी नव्हतं. काळ एवढाच निष्ठुर असतो, की तो आपल्याला पोचू देतो, पण उशिरा. आणि उरलेलं आयुष्य त्या उशिरालाच आपण स्मृती म्हणत राहतो.