गवताला आलेला माज

गावात त्याला सगळे 'हिरवे' म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. गोठ्यामागच्या तुकड्यात त्यानं हत्तीगवत लावलं होतं आणि ते असं वाढलं होतं की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसू नये. रंग तर इतका गडद की हिरव्याला काळा म्हणावं. दूधसंघाचा एक माणूस एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, "असलं गवत मी तरी कुठं पाहिलं नाही बुवा." झालं! तेवढ्या एका वाक्यावर गडी फिरला.

त्याची बायको गोठा बघायची. गाई तिच्या आणि गवत त्याचं, अशी वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप पडली होती. सुरुवातीला तिलाही त्या गवताचं कौतुक होतं. गाईंनी दूध वाढवलं होतं आणि चारा विकत आणायची कटकट संपली होती. पण पुढे पुढे नवऱ्याचं लक्ष गाईंवरून उडालं. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तो गवतात जायचा, पात्यांवरून हात फिरवायचा, कालच्यापेक्षा किती वाढलं ते बघायचा. कापणी झाली की युरिया, पाणी दिलं की युरिया, पातं जरा फिकट वाटलं की पुन्हा युरिया. जेवायला बसला तरी अंगाला तो डोळ्यांत झोंबणारा उग्र वास. तिचा घास तोंडातच फिरायचा.

"हात धुतलेत का?" ती विचारायची.

"अगं, खत आहे, विष नाही," तो म्हणायचा आणि त्याच हातानं भाकरी मोडायचा.

त्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली. जमीन तडकली आणि गवत जागच्या जागी थांबलं. नेमकं तेव्हाच दूधसंघानं कळवलं की आसपासच्या पशुपालकांना घेऊन आम्ही तुमचं गवत बघायला येतो, त्यांना लावायला कांड्याही द्या. हिरव्याच्या अंगात आलं. गवत वाढत नाही म्हणजे उपाशी आहे, असा त्याचा सरळ हिशेब. त्यानं युरियाची पोती आणली आणि भसाभस ओतली.

गाईंना लस द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. बाई तरुण होत्या, फटकळ होत्या आणि जनावर उभं राहतं कसं यावरून त्याचं दुखणं ओळखायच्या.

"अहो हिरवे, थांबवा ते. पाण्याचा ताण आहे, गवत वाढत नाहीये. मुळं खत पितील आणि ते नायट्रेट होऊन बुडख्यात साठेल. वर पाऊस पडला, ढगाळ हवा झाली, तर आणखी. मग तेच विष तुम्ही गाईला घालणार."

"गवत खाऊ घातल्याशिवाय वाढतं का, डॉक्टर?"

"अति तिथे माती, एवढं तरी ऐकलंय ना?"

"मातीच तर आहे, डॉक्टर. मातीतच टाकतोय," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण त्या निघाल्या तेव्हा फाटकापर्यंत सोडायला गेली आणि सगळं नीट विचारून घेतलं. अशा गवताचा बुडखा घालायचा नाही, वरूनच कापायचं, उपाशी जनावराला घालायचं नाही, आधी वाळकं खाऊ द्यायचं आणि खत टाकल्यावर बरेच दिवस त्याला हातच लावायचा नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला बजावलं. तो "हो हो" म्हणाला. त्याचं 'हो हो' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग पाऊस आला आणि पाठोपाठ आभाळ भरून राहिलं. दोन-चार दिवसांत गवत असं सरसरून उठलं की हिरव्या बांधावर उभा राहून एकटाच हसत होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिला सकाळीच नणंदेकडे जावं लागलं. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा वारलेला, एकच गाय, आणि तापानं अंथरूण धरलेलं. तिला पेज करून देऊन, तिच्या गाईची धार काढून ही परतली तर गोठ्यातून आवाज येत होता. हंबरणं नव्हे. भात्यासारखा, धापांचा आवाज.

नवऱ्यानं शेताची कड सारखी दिसावी म्हणून तिथलं गवत अगदी जमिनीलगत, बुडख्यासकट कापलं होतं. एवढं कापलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून रात्रभरच्या उपाशी गाईंपुढे सगळं टाकून तो फाटकाला रंग द्यायला निघून गेला होता.

लाल गाय भिंतीला टेकून थरथरत होती. मोरी गाय गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या तोंडाला फेस होता. बाकीच्या तोंड उघडून श्वास ओढत होत्या. आणि चांदी, तिची सगळ्यात लाडकी, पोटात सात महिन्यांचं वासरू घेतलेली चांदी, आडवी पडून पाय झाडत होती. तिनं चांदीचा ओठ वर केला. गुलाबी हिरडी मातकट दिसत होती, डबक्यातल्या पाण्यासारखी.

तिनं आधी दावणीतलं गवत दोन्ही हातांनी ओढून बाहेर फेकलं, मग डॉक्टरीणबाईंना फोन केला, आणि मग नवऱ्याला हाक मारली. तो हातात ब्रश घेऊनच आला.

डॉक्टरीणबाई आल्या त्या धावतच. सुई टोचल्यावर जे रक्त आलं ते रक्तासारखं नव्हतंच. तपकिरी, दाट, उकळून जळलेल्या कॉफीसारखं.  आयुष्यभर गाईंची अडकलेली वार काढली, कुजलेल्या जखमा धुतल्या, हात कोपरापर्यंत घालून अडलेली वासरं ओढली, तेव्हा कधी तिला शिसारी आली नव्हती. आज आली.

"रक्तात प्राणवायू धरायची ताकदच राहिली नाहीये," बाई लाल गाईच्या शिरेत निळं औषध सोडत म्हणाल्या. "नाक-तोंड उघडं असून गुदमरतायत. हिला धरा. हलू देऊ नका."

चांदी औषध टोचायच्या आधीच गेली. पोटातलं वासरू थोडा वेळ हलत राहिलं, कातडीवरून दिसत होतं, मग तेही थांबलं. बाकीच्या गाई मात्र हळूहळू सावरल्या.

"या औषधानं लघवी निळी-हिरवी होईल, घाबरू नका," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "दूध मी सांगेपर्यंत कुणाच्या पोटात जाता कामा नये. आणि गाभण आहेत त्या गाभ टाकतीलही, मी खात्री देत नाही."

हिरव्या इतका वेळ दारात उभा होता. आता त्यानं घसा खाकरला. तिला वाटलं, आता रडेल, काहीतरी बोलेल.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हे बाहेर कुठं बोलायचं नाही हं. उद्या लोक येणारेत."

डॉक्टरीणबाईंनी हात पुसले. पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

दुपारी जेसीबी आला. चांदीला कुठं पुरायचं हे हिरव्यानं तिला विचारलंसुद्धा नाही. खड्डा गवताच्या कडेलाच खणला गेला. ती म्हणाली, "तिकडं कुंपणापाशी झाड आहे, तिथं न्या की."

"इथंच बरं," तो म्हणाला. "कुजलं की गवताला खत होईल. एवढं मोठं जनावर वाया कशाला घालवायचं?"

तो हे वाईट मनानं बोलला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. त्यानं आपलं नेहमीसारखं, बटाटे महाग झाले म्हणावं तसं म्हटलं. ती नळापाशी गेली आणि ओकली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. संघाचे साहेब, त्यांच्यामागे पंधरा-वीस पशुपालक बाया-माणसं. हिरव्यानं गोठ्याच्या तोंडावर ताडपत्री बांधली होती. कुणी विचारलं तर "औषधफवारणी चाललीय" म्हणायचं. एक गाय कमी कशी, असं शेजाऱ्यानं विचारलं तर "साप चावला." हे तो इतक्या सहज बोलत होता की तिला क्षणभर वाटलं, खरंच साप आला होता का?

तो बोलत राहिला. गवत किती उंच, पानं किती रुंद, कापणी किती वेळा. लोक पात्यांवर हात फिरवत होते आणि त्यांच्या चपला ताज्या उकरलेल्या मातीवर पडत होत्या. मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला.

"चहा टाक. सकाळचं दूध आहे ना बादलीत?"

"ते औषधाचं दूध आहे."

"उकळलं की काही राहत नाही. काळा चहा दिला तर काय म्हणतील, गोठा असून घरात दूध नाही? लाज जाईल."

"लाज!" ती म्हणाली. "ती अजून शिल्लक आहे?"

तिनं बादली उचलली आणि त्याच्यादेखत न्हाणीत ओतली. दुधावर पुसट हिरवट झाक होती, शेवाळलेल्या हौदासारखी.  तो दात आवळून म्हणाला, "मागाहून बघतो तुला," आणि तोंडावर हसू चढवून बाहेर गेला.

बाहेर आता कांड्या वाटणं चाललं होतं, आणि दिलदारपणा दाखवायचा म्हणून प्रत्येकाला ताज्या कापलेल्या गवताचा एकेक भाराही. "घरी जाऊन गाईला घाला, मग बोला!" हिरव्या ओरडत होता. त्या गर्दीत तिला नणंद दिसली. अंगात अजून ताप, पाय लटपटतायत, आणि डोक्यावर भारा.

ती पदर खोचून धावली. "वन्सं, खाली टाका तो."

"का गं? माझ्याच भावाचं गवत आहे."

"तुमची गाय मरेल."

हे ती हळू म्हणणार होती, पण मोठ्यानं निघालं. सगळे वळले. हिरव्या हसला. "काल एक गाय गेली ना आमची, तेव्हापासून ही जरा अशीच. बायकांचं मन..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. सरळ जाऊन ताडपत्रीची दोरी ओढली. आत गाई माना खाली घालून उभ्या होत्या. मोरीनं शेपूट उचललं आणि सिमेंटच्या कोब्यावर निळ्या-हिरव्या मुताची धार पडली. शाईची दौत लवंडावी तशी.

"साप चावून गाय असं मुतते का?" ती म्हणाली. "काल याच गवताचे बुडखे खाऊन चांदी मेली. रक्त तपकिरी झालं होतं. तुम्ही सगळे तिच्यावर उभे आहात. डॉक्टरीणबाईंना विचारा. खत मर्यादेत घातलं, वेळ जाऊ दिला, वरून कापून वाळक्यात मिसळलं, तर गवत चांगलं आहे. पण आज हे घरी नेऊ नका."

 साहेबांनी खाली पाहिलं, बुटाची माती गवतावर पुसली आणि जीपकडे चालू लागले. एका म्हाताऱ्यानं आपला भारा आणून तिच्या पायाशी ठेवला. आणखी काहींनी ठेवले. पण कितीतरी जणांनी नाही. "एवढ्यानं काय होतंय," कुणी पुटपुटलं. फुकट ते पौष्टिक! ते भारे सायकलींवर, डोक्यांवर फाटकाबाहेर जाताना ती पाहत राहिली. आणि तिला नवऱ्याइतकीच या सगळ्यांची किळस आली. निळी धार डोळ्यांनी बघूनही ज्यांचे हात भाऱ्यावरून सुटले नाहीत त्यांची.

नणंदेनं भारा टाकला होता, पण रागानं. "चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलंस," ती म्हणाली. "झाकली मूठ राहिली असती." आणि निघून गेली.

त्या आठवड्यात लाल गायीनं गाभ टाकला, मग आणखी एकीनं. गावात दोन घरची जनावरं लोळली. एक वाचलं, एक गेलं. हिरव्या म्हणाला की गाईच नाजूक, गवताचा काय दोष. त्यानं तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त बोलणं जवळजवळ टाकलं. तिला ते सोयीचंच झालं. तिनं अंथरूण गोठ्यालगतच्या खोलीत हलवलं आणि जाताना एकदाच सांगितलं, "तुमचं गवत तुम्ही वाढवा. पण गोठ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. दावणीत काय पडेल ते मी ठरवणार."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर गाई घेऊन माहेरी जाईन. मग गवत तुम्हीच खा."

गोठ्याकडे तो पुन्हा फिरकला नाही. गवत निबर झाल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना नमुना दिला, आणि त्यांनी ठीक आहे म्हटल्यावर स्वतः विळा घेऊन गेली. गुडघ्याच्या वरून कापलं, वाळक्यात मिसळलं, थोडं थोडं घातलं. चांदी पुरली होती तिथलं मात्र कापलं नाही. तिथलं गवत बाकीच्यापेक्षा वीतभर उंच झालं होतं. हिरव्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच आधी दाखवायचा.

एका दुपारी नणंद आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. झाल्या प्रकाराचं नाव काढलं नाही. मग उठता उठता, दुसरीकडेच बघत तिनं विचारलं, "एका पेंढीला वाळकं किती मिसळायचं म्हणालीस?"

"आत या वन्सं," ती म्हणाली. "मिसळूनच दाखवते."

ओसरीवरून हिरव्यानं दोघींकडे पाहिलं, पायांत चपला सरकवल्या आणि तो गवताकडे निघून गेला.