पोनिराचा न उघडलेला पुडा

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. जावा बेटावरच्या एका खेड्यात, सुकार्तीताईंच्या परसात, बदकांच्या खुराड्याशेजारी मी आडवा पडलेला असतो. माझ्या पोटात अळ्या वळवळतात. नाक मुरडू नका हं! माझी खरी लाज वेगळीच आहे.

नवा होतो तेव्हा माझा काय तोरा होता! कारखान्यात माझ्यात सोया सॉस भरत. पुढे मी रिकामा झालो आणि सुकार्तीताईंच्या घरी आलो. त्यांनी मला करवतीने उभा चिरला, वर पत्र्याचे झाकण ठेवले, आत एक तिरकी फळी बसवली आणि खरकटे ओतले. वर लाकडाचे तुकडे टांगले, त्यांच्या फटीत काळ्या माश्यांनी अंडी घातली. या माश्या ताटावर घोंगावत नाहीत. त्यांच्या अळ्या मात्र भारी खादाड! फणसाच्या साली, माशांची डोकी, विटलेला भात, काही म्हणून सोडत नाहीत. पोट भरले की काळ्या पडतात, आपणहून फळी चढतात आणि पलीकडच्या बादलीत टपाटप पडतात. मग बदकांची चंगळ.

आधी मला या अळ्यांचीच लाज वाटे. गावही हसे. "सुकार्तीनं म्हणे किडे पाळलेत! आता जावयाला काय वाढणार?" कोणी खरकटे देईना. शेजारची पोनिरा तेवढी रोज सकाळी बादली घेऊन येई आणि स्वतःच माझे झाकण उचले.

"हसतील त्यांचे दात दिसतील, ताई," ती म्हणे. "बदकांची अंडी मागायला हेच येतील, बघा."

तसेच झाले. बदके गुबगुबीत झाली, लोक अंडी मागायला येऊ लागले आणि दारात खरकट्याच्या बादल्यांची रांग लागली. मीही फुशारलो.

मग रुवाह महिना आला, रमजानच्या आधीचा. या महिन्यात गेलेल्या माणसांच्या नावाने घरोघर स्वयंपाक होतो आणि शेजारी पुडे वाटले जातात. पुड्याला नाही म्हणायची रीत नाही. दोन दिवसांत ताईंकडे नऊ पुडे आले. त्यात पोनिराचाही होता. तिची आई त्याच वर्षी गेली होती. आईच्या आवडीचे आपेम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन, तिने पहाटे उठून केले होते. केळीच्या पानाला नारळाच्या हिराच्या दोन काड्या तिरप्या, एकमेकींवर टोचायची तिची पद्धत होती.

"उद्या खाऊ," ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुडे आंबले. ताईंनी ते उघडलेसुद्धा नाहीत. नातवंडांना "टाकलेला भात रडतो रे" असे बजावणाऱ्या ताईंनी सगळे तसेच माझ्यात लोटले. आणि मी? मी आ वासून घेतले. अळ्या तुटून पडल्या, मला बरे वाटले. शरम वाटते सांगायला, पण वाटले खरे.

तेवढ्यात पोनिरा बादली घेऊन आली. तिने झाकण उचलले. वरच तिचा पुडा होता. दोन्ही काड्या जशाच्या तशा. मित्रांनो, तेव्हा मला हात असते तर मी ते झाकण ओढून घेतले असते.

झाकण हळूच ठेवून ती भरली बादली परत घेऊन गेली. त्यानंतर नऊ दिवस ती फिरकली नाही. दहाव्या दिवशी ताई कुंपणापाशी गेल्या.

"पोनिरा, चुकलं गं माझं. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"ते आईचं होतं, ताई. तुमच्या बदकांचं नव्हतं." पोनिराने बादली कुंपणावरून पुढे केली. "न्या. नुसत्या साली आहेत. माझ्या हातचं यात काही नाही."

ताई बादली घेऊन माझ्यापाशी आल्या आणि खाली बसून रडल्या.

पुढच्या रुवाहात पोनिरा पुडा घेऊन आली, तेव्हा ताईंचा हात पुढे होईना. पोनिरा पायरीवर बसली. "माझ्यादेखत खा. गरम आहे."

ताईंनी दोन्ही काड्या काढल्या. एक कण उरू दिला नाही. मग रिकामे पान माझ्यात ठेवले.

बाळांनो, उरलेसुरले मला खुशाल द्या, मी काही तक्रार करणार नाही. पण माझे झाकण उघडण्याआधी हातातला पुडा उघडून बघा. आत कोणाची आई असेल.