पाणक्याचं डोकं

सकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात आई नळाखाली बाटल्या विसळत होती. संघात सगळेच तिला आई म्हणत, कारण संघातले दोघे सायकलस्वार तिच्या पोटचे होते आणि संघाचा व्यवस्थापक तिचा नवरा. स्वयंपाक तिचा, धुणं तिचं, बाटल्या भरणंही तिचंच. आभाराच्या भाषणात तेवढं तिचं नाव कधी आलं नाही.

शर्यत आठवडाभराची, रोज एक टप्पा. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची सर्वांत कमी, तो जिंकणार. थोरला संघाचा म्होरक्या होता आणि धाकटा पाणक्या. पाणक्या म्हणजे मागच्या गाडीतून बाटल्या आणून म्होरक्याला देणारा, वाऱ्यात पुढे राहून त्याला आडोसा करणारा, घाटात त्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर ओढणारा आणि शेवटी मागे पडून विसरला जाणारा. हा धंदाच असा आहे, आणि त्यात पाप नाही. पाप दुसरीकडे आहे.

आदल्या दिवशी एका ओल्या वळणावर जथ्यातले बरेच जण कोसळले होते. धाकटा खाली आणि दोन सायकली त्याच्यावर. हेल्मेटला तडा गेला. वडील गाडीतून ओरडले, "ऊठ, चढ!" तो उठला, चढला आणि दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. 'ऊठ, चढ' या दोन शब्दांवर या खेळाच्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत. वडील स्वतः एकदा गळ्याचं हाड मोडलेलं असताना घाट चढले होते, आणि घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की मोडलेलं हाड हाच त्या घराचा दागिना झाला होता. टप्पा संपल्यावर संघाच्या डॉक्टरांनी धाकट्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली, 'बरा आहे' म्हणाले आणि दुसऱ्याच्या गुडघ्याकडे वळले.

पडल्यानंतर त्याच टप्प्यात धाकट्याच्या हातून एक चूक झाली होती. गाडीतून बाटल्या घेऊन त्या पाठीशी, छातीशी खोचून तो जथ्यातून वाट काढत पुढे गेला आणि पहिली बाटली त्याने थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिली. ज्याच्या अंगावर पहिल्या क्रमांकाची, आघाडीची जर्सी होती, ज्याला हरवायचं होतं, त्यालाच! टीव्हीवरचा समालोचक गहिवरला, "याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" जेवणाच्या टेबलावर तर सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. फक्त वडील हसले नाहीत. "घरभेदी आहेस का रे?" ते म्हणाले. धाकटाही सगळ्यांबरोबर हसत होता. आपण कशाला हसतोय हे त्याला कळलेलं नव्हतं, आणि ते एकट्या आईच्या लक्षात आलं.

आता तो अंगणात आला, डोळे किलकिले करून, उन्हाचा त्रास झाल्यासारखा.

"काकू, माझी बाटली भरली का?"

आईचा हात थांबला. "काय म्हणालास?"

"बाटली, काकू. घाई नाही, सावकाश द्या."

आवाजात थट्टा नव्हती. परक्या बाईशी बोलावं तसा तो अदबीने बोलत होता. आईने नळ बंद केला आणि हात पदराला न पुसताच ती आत गेली. वडील पलंगावर घाटाचा नकाशा पसरून बसले होते.

"अहो, आज त्याला शर्यतीत उतरवू नका. तो मला काकू म्हणाला."

"चेष्टा केली असेल."

"त्याची चेष्टा मला कळते. मी वाढवलंय त्याला."

"हे बघ, डॉक्टरांनी तपासलंय. आज घाट आहे. आज साधलं नाही तर थोरल्याला पुन्हा संधी नाही, त्याचं वय उलटत चाललंय. धाकटा नसेल तर त्याला ओढणार कोण? मी?"

"आणि त्याला काही झालं तर?"

"मला काय झालं होतं? मोडक्या हाडाने चढलोच ना?"

"हाड आणि डोकं एकच का हो?"

"सकाळी सकाळी तोंडातून अभद्र काढू नकोस," वडील म्हणाले आणि पुन्हा नकाशात शिरले.

दाराआड थोरला टायरमध्ये हवा भरत होता. त्याने सगळं ऐकलं आणि तो गप्प राहिला. त्यालाही जिंकायचं होतं. इतकी वर्षं दुसरा-तिसरा येऊन येऊन तो थकला होता.

बेत सोपा होता. एकूण वेळेत प्रतिस्पर्धी पुढे होता, पण मिनिटभरसुद्धा नाही, आणि खड्या चढावर तो कच्चा होता. धाकट्याने पायथ्यापासून असं ओढायचं की त्याचे साथीदार एकेक करून गळावेत. मग शिखराआधी थोरल्याने निसटायचं. पाणक्याचं काम तिथे संपलं. गाडी थोरल्यामागे जाणार, धाकटा मागून एकटा उतरणार. वर्तमानपत्रांतल्या जाणकारांनीही लिहिलं होतं की थोरल्याची सगळी मदार धाकट्याच्या पायांवर आहे. डोक्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

आणि बेत तंतोतंत जमला. धाकटा मान खाली घालून ओढत राहिला. साथीदार गळाले, मग खुद्द आघाडीची जर्सी हातभर मागे पडली, मग दोन हात, मग वळणाआड दिसेनाशी झाली. थोरल्याच्या कानातल्या यंत्रातून वडील ओरडले, "मागे पडला! मागे पडला रे तो! आता जा!"

थोरला पाठ थोपटायला भावाच्या बरोबरीने आला.

"शाब्बास रे. झालं तुझं काम."

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. "दादा, आज घाट आहे म्हणे. कधी लागणार?"

शिखर समोर दिसत होतं. पलीकडे वळणावळणाचा उतार होता आणि एका बाजूला खोल दरी. थोरला गेला. होय, गेला, खोटं कशाला सांगायचं? थोडा पुढे जाऊन त्याने वळून बघितलं. धाकटा रस्ता सोडून हळूहळू कडेला चालला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा थोरल्याने ब्रेक दाबले, उलटा खाली आला, भावाचं हँडल धरलं आणि त्याला कठड्यापाशी बसवलं.

गाडी आली, हॉर्न वाजवतच.

"वेड लागलंय का? जा पुढे!"

"त्याला गाडीत घ्या, बाबा."

"घेतो! तू हो पुढे!"

"मी पुढे गेलो की तुम्ही माझ्या मागे याल. त्याला दवाखान्यात कोण नेणार?"

"मागून रुग्णवाहिका येईल की! अरे, जिंकलास तू, फक्त उतरायचंय! हवं तर त्यालाच विचार. विचार ना!"

धाकट्याने मान वर केली आणि वडिलांना म्हणाला, "मी बरा आहे, काका. तुम्ही व्हा पुढे."

हॉर्नवरचा हात खाली आला. तेवढ्यात आघाडीची जर्सी धापा टाकत शेजारून गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. शर्यत सोडताना काढतात तसा थोरल्याने पाठीवरचा क्रमांक काढून वडिलांच्या हातात दिला आणि भावाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं.

दवाखान्यात कळलं, धाकट्याच्या डोक्यात रक्त साकळत होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की जीव वाचला आहे, बाकीचं हळूहळू कळेल, आणि सायकलचा विषय आता संपला. "या अवस्थेत तो घाट उतरला असता तर…" आई बाकावरून उठली, काचेपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

वडील म्हणाले, "जिंकला असतास रे."

"हो बाबा," थोरला म्हणाला. "जिंकलो असतो."

दोघांनाही भांडायचं त्राण नव्हतं.

वर्तमानपत्रांनी 'भावासाठी विजयाचा त्याग' असं छापलं. थोरला बातमीदारांना म्हणाला, "त्याग कसला? डोकं फुटलेल्या माणसाला आम्ही घाट चढायला लावला, ही बातमी आहे. मला सकाळीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो, हेही लिहा." ते कुणी छापलं नाही.

हंगाम संपल्यावर आयोजकांची सभा झाली. थोरल्याने उभं राहून मागणी केली की ज्याच्या डोक्याला मार लागेल त्याने तिथेच थांबायचं, आणि तपासणारा डॉक्टर कुठल्याही संघाचा नसावा. हे मान्य होईपर्यंत तो स्वतः कुठल्याही शर्यतीत उतरणार नव्हता. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीत रेलून म्हणाले, "अहो, पडल्यावर उठून चढणारे बघायलाच तर लोक येतात. सगळेच असे सायकलवरून उतरायला लागले, तर लोकांनी बघायला यायचं तरी काय?"

सभेत हशा पिकला. थोरला तो ओसरेपर्यंत थांबला.

"तेच विचारतोय मी," तो म्हणाला. "लोक काय बघायला येतात?"