संत्र्यावरचे रोडगे

माझ्या सासऱ्यांना, चंद्रभान मामाजींना, दुपारचं संत्रं माझ्याच हातचं लागतं. कवळी बसवल्यापासून त्यांना पापुद्रा चावत नाही, आणि तोंडात बी आली की चिडतात. म्हणून मी एकेक फोड सोलते, बिया काढते आणि नुसता गर वाटीत देते. अचलपूरला आमची संत्र्याची बागच आहे, त्यामुळे सोलण्यात घरात कुणी मागे नाही. पण मामाजी दुसऱ्या कुणाची वाटी घेत नाहीत. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे, आणि ते मी कुणालाही देणार नाही.

कुणालाही म्हणजे आकांक्षाला. ती माझी धाकटी जाऊ, माहेर अकोल्याचं, राहते पुण्याला. सुट्टीत अमरावतीला आली की घराला नुसतं तिचं कौतुक. मी वर्षभर राबते ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि हिनं चहात आलं किसलं तरी वाहवा. या वेळी तर बाई ओव्हनच घेऊन आली.

"मामाजी, आज कॉब्लर करते. खाली संत्र्याच्या फोडी, साखर, दालचिनी. वर लोणी-मैद्याचे मऊ गोळे. मग सगळं एकत्र भाजायचं."

मामाजी हसले. "मंजे संत्र्यावरचे रोडगेच झाले तं! कर पोरी, पाहू तुये रोडगे."

रोडगे! गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजावेत तर आमच्या शालूनंच, असं माझ्याबद्दल हेच मामाजी गावभर सांगायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आकांक्षा थंड लोणी मैद्यात बोटांनी चोळत होती, ताक घालून हलक्या हातानं गोळा करत होती. हात चांगला होता तिचा, तेही मला बघवेना. "ताई, संत्री सोलून देता? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही," ती म्हणाली.

बी तापली की तिचा कडूपणा रसात उतरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. अकोल्यासारख्या कापसाच्या गावच्या पोरीला कुठून असणार? मी वरची साल काढली आणि फोडी तशाच तिच्या भांड्यात टाकल्या.

"ताई, बिया राहू द्यायच्या?"

"राहू दे वं, काही होत नाही."

तिनं साखर पेरली, गोळे मांडले, ओव्हन लावला. थोड्या वेळानं घरभर लोण्याचा वास सुटला. गोळे छान तांबूस फुगले, कडेनं केशरी रस उकळून वर आला. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात मामाजी म्हणाले, "वास तं लय भारी येऊन राह्यला," आणि मी तोंड मिटलं.

पहिल्याच घासाला आमच्या ह्यांनी तोंड वाकडं केलं. दिरानं चमचा खाली ठेवला. आकांक्षानं स्वतः चाखलं आणि तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मामाजी मात्र खात होते. बिया ताटलीच्या कडेला काढून ठेवत होते. मग त्यांनी विचारलं, "संत्रे कोनं सोलले?"

मी मान खाली घातली.

"मीच, मामाजी," आकांक्षा म्हणाली. "घाई झाली जरा."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे तिला कळलं होतं. आता चांगुलपणातही हीच माझ्या पुढे! मामाजींनी बियांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ताटली संपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटी आणि संत्रं घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसले. त्यांनी संत्रं माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे, शालू." आणि आत हाक मारली, "आकांक्षा, इकडे ये वं. मले संत्रा सोलून दे."

"मला नीट जमत नाही, मामाजी."

"जमन तसा दे."

ती सोलायला बसली. मी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिच्या फोडींना पांढरे दोरे लोंबत होते, बिया तशाच होत्या. मामाजी एकेक फोड तोंडात टाकत होते, आणि एकदाही चिडले नाहीत.