नापास मुलीचं लगीन

आपल्याकडे पोरगा नापास झाला की त्याला शिव्या बसतात, आणि पोरगी नापास झाली की तिला हळद लागते. मलकापूरच्या लालासाहेब जगदाळ्यांच्या घरातही एकाहत्तर साली हेच चाललं होतं. त्यांची थोरली अंजना मॅट्रिकला गणितात आणि इंग्रजीत गचकली, आणि निकाल कळल्या दिवशीच लालासाहेबांनी स्थळासाठी निरोप धाडला. लालासाहेब पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. उसाचं रान होतं, गावात वजन होतं, आणि बोलणं असं की समोरच्यानं फक्त 'व्हय' म्हणावं.

अंजनाला नर्स व्हायचं होतं. आईचं, बनुबाईंचं, सांगलीला ऑपरेशन झालं तेव्हा तिथल्या नर्सबायांचा दरारा आणि माया दोन्ही तिनं पाहिली होती, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. पण मॅट्रिकशिवाय तिथं कोण घेणार? ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू द्या म्हणून ती वडिलांच्या हातापाया पडली.

"एकदा आपटली ती पुन्ना आपटंल," लालासाहेब म्हणाले. "गावात माझं नाक हाय, ते ऱ्हाऊ दे."

बनुबाई मध्ये पडल्या, त्यांनाही गप्प बसवलं. पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. त्याचाही उपयोग झाला नाही.

निरोप गेला होता मेढ्याच्या कोंडीबाकडे. हा कोंडीबा बेळगावला लालासाहेबांच्या हाताखाली रंगरूट म्हणून तयार झालेला. त्याचा मुलगा एसटीत कंडक्टर, माणसं भली, स्थळ नाव ठेवण्यासारखं नव्हतं. कोंडीबा आला, जुन्या उस्तादाच्या पाया पडला, पोहे खाल्ले, मुलगी बघितली. एवढी शिकलेली पोरगी इतक्या घाईनं का देताय, एवढंच त्यानं भीत भीत विचारलं.

"नापास झाली, म्हनून तर उरकतोय!" लालासाहेब म्हणाले.

कोंडीबानं कपबशी खाली ठेवली. उस्तादापुढं तोंड उघडायची त्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

"उस्ताद, चांदमारीत माझी एक बी गोळी फळीला लागली न्हवती. ध्यानात हाय?"

चांदमारी म्हणजे पलटणीतली नेमबाजीची परीक्षा. लालासाहेबांना हसू आलं. "हाय की! दुसऱ्या टायमाला बी हुकला हुतास."

"मग मला घरी का न्हाई धाडलं?"

"येडा का खुळा तू? हुकला म्हनून रंगरूट घरी धाडला, तर पलटनीत ऱ्हाईल कोन? पुढच्या तुकडीत घातला तुला. बंदुकीचा दस्ता खांद्याला कसा टेकवायचा, त्ये पुन्ना शिकवलं."

"आवं उस्ताद, मग लोकाच्या पोराला पुढची तुकडी, आनि सवताच्या पोरीला बोहलं? ह्यो कुठला न्याय? पोरगी मला लय पसंत हाय. म्हनूनच मी न्हाई म्हनतोय."

एवढं बोलून तो उठला, पाया पडला आणि एसटी गाठायला निघून गेला. लालासाहेबांनी आयुष्यभर ज्या शिस्तीचा अभिमान मिरवला, तिची निम्मी बाजू घरात आणायची राहूनच गेली होती. मग त्यांनी अंजनाला हाक मारली आणि बापानं पहिल्या दिवशी विचारायचं ते विचारलं, की पोरी, तुझं अडलं कुठं? दिवाळीपासून शाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कराडला शिकवणी लावली. ऑक्टोबरला गणित सुटलं, इंग्रजी पुन्हा राहिलं. गावात कुजबुज झाली. लालासाहेबांनी तिकडं कानाडोळा केला आणि मार्चला अंजनानं इंग्रजीही काढलं. सांगलीच्या नर्सिंगला नंबर लागला. पण तिथली पुस्तकं इंग्रजीतच, आणि पहिल्याच वर्षी पोरगी शरीरशास्त्रात आपटली! कोणत्या तोंडानं घरी सांगू म्हणून ती रडत बसली. शेवटी मैत्रिणीनं कळवलं, तसे लालासाहेब फेटा बांधून होस्टेलच्या दारात हजर.

"रडती कशाला? पुढची तुकडी कवा हाय, त्ये सांग."

अंजना रडता रडता हसली. पुढं मात्र तिनं मागं वळून पाहिलं नाही. पास झाली, वॉर्डात नाव काढलं, आणि सत्त्याहत्तर साली कुवेतच्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळवून विमानात बसली. दोन वर्षांत ती तिथं आख्ख्या वॉर्डाची प्रमुख झाली. सातासमुद्रापलीकडचे डॉक्टर तिला विचारून पावलं टाकायला लागले. ती पहिल्यांदा रजेवर आली, तेव्हा तिच्या शाळेनं सत्कार ठेवला. आख्खा गाव लोटला होता.

हेडमास्तरांनी भाषणात तोंडभरून सांगितलं, की आमची अंजना लहानपणापासून हुशार, अपयश तिला ठाऊकच नाही.

अंजना उठली. "सर, माफ करा. मी तीनदा नापास झाले," ती म्हणाली. "तिन्ही वेळा मला पुन्हा बसू दिलं, म्हणून आज इथं उभी आहे."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गावातलीच रंगूबाई आपल्या पोरीचा हात धरून पुढं आली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाय, ही बी यंदा नापास झालीया. सुपारी फुटलीया हिची, लगीन ठरलंया. आता काय करू?"

अंजनानं काही बोलायच्या आधीच पहिल्या रांगेतून लालासाहेब उभे राहिले. "पाव्हन्यांकडं बोलाया मी येतो," ते म्हणाले. "चल, आत्ताच जाऊ." आणि सत्काराचा नारळ तसाच सोडून ते रंगूबाईबरोबर चालू लागले. ते लग्न त्या साली झालं नाही.

वाचकहो, परीक्षेत हुकणं हा गुन्हा नव्हे. हुकलेल्या लेकराला दुसरी संधी न देणं, हा मात्र आपला गुन्हा आहे. तुमच्या घरी यंदा कुणी नापास झाली असेल, तर आधी तिचं अडलं कुठं ते विचारा आणि तिला पुन्हा बसवा. लगीन काही कुठं पळून चाललेलं नाही.