मधल्या बाकावरची आफ्के

मी बाक बोलतोय, सौनातला, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोलीतला, मधल्या पायरीवरचा. माझं लाकूड फिकं न् मऊ. खोली कितीही तापली तरी बसणाऱ्याला चटका देत नाही, म्हणूनच सुताराने मला या कामाला निवडलं. इथं फ्रीसलँडमध्ये, उत्तरेच्या समुद्राकाठी, गारठा चिवट, त्यामुळे मला माणसांचा तोटा नाही.

रीत साधी. कपडे बाहेर खुंटीला, आणि बाया-बापे सगळे जन्माला आले तसे आत. कुणी कुणाकडे बघत नाही. नातवंडं, गुडघेदुखी, वारा, अशा गप्पा चालतात. मंगळवार तेवढा पोहण्याच्या कपड्यांचा. गंमत अशी, की त्याच दिवशी जो तो दुसऱ्याला न्याहाळतो.

आफ्के, रिन्स्के आणि फॉप्पे ही म्हातारी मंडळी शुक्रवारची. एका शाळेतली. मग आफ्केच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटावर मळ साठवायची कायमची पिशवी आली. हे फक्त रिन्स्केला ठाऊक. आफ्के मंगळवारी एकटीच यायला लागली, पोहण्याचा काळा पोशाख घालून, कोपऱ्यात अंग चोरून.

एका शुक्रवारी रिन्स्केने तिला ओढून आणलं. पण अंगात तोच काळा पोशाख. सगळ्यांच्या माना वळल्या.

"वार चुकला का गं?" फॉप्पे म्हणाला. "की लग्नाला निघालीस?"

"थंडी वाजते मला."

"एवढ्या आगीत? नियम म्हणजे नियम, आफ्के."

आफ्के उठली. "खरंय तुझं. आता मी नाही यायची. रिन्स्के, पुन्हा ओढू नकोस मला."

ती गेली. रिन्स्केने फॉप्पेला हळूच सगळं सांगितलं. तो मग उठला आणि दार सताड उघडून उंबऱ्यात उभा राहिला. इथं याहून मोठा गुन्हा नाही.

"अरे, दार लाव! ऊब चालली सगळी!" वरून कुणी ओरडलं.

"ती आल्याशिवाय लावणार नाही," फॉप्पे म्हणाला. मग बाहेर तोंड करून, "आफ्के, ये गं! हे लोक मला शिव्या घालतायत. पोशाख टांग न् ये!"

जरा वेळाने ती आली, उघडी, पोटावर पिशवी. फॉप्पेने दार लावलं.

"टॉवेल पायाखालीही घे, घाम बाकावर नको," तो कुरकुरला. "आणि सरक की थोडी."

कुणी बघितलं नाही. गुडघेदुखी पुढं सुरू झाली. आफ्केचं अंग माझ्यावर हळूहळू सैल पडलं, ते मलाच कळलं.

आता माझ्या पट्ट्या काळवंडल्यात, दोन उकलल्यात. उन्हाळ्यात मला काढतील, नवा बाक येईल. त्याला माझा निरोप एवढाच: बाबा, शुक्रवारी आफ्केसाठी मधली जागा मोकळी ठेव.